म्यू-मेटलच्या शील्डमध्ये एका नॅनोटेस्लाखाली कसं उतरायचं: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

बाहेरचं चुंबकी क्षेत्र अडवणारी, म्यू-मेटल या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची तीन थरांची शील्ड येते, जोडून होते, आत फ्लक्सगेट (चुंबकी क्षेत्र मोजणारा सेन्सर) सरकवला जातो आणि आकडा दिसतो २० नॅनोटेस्ला (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं एकक). मग शील्ड बनवणाऱ्याला दोष दिला जातो किंवा चौथ्या थराचं कोटेशन मागवलं जातं. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. आधी कागदावर हिशोब करा.

लांब नळकांड्याच्या आडव्या दिशेतला शील्डिंग गुणांक (बाहेरचं क्षेत्र आत किती पट कमी होतं तो आकडा) ढोबळमानाने पारगम्यता (धातू चुंबकी क्षेत्र किती सहज ओढून घेतो ते) × पत्र्याची जाडी ÷ व्यास एवढा येतो. सापेक्ष पारगम्यता ३०,००० आणि पत्रा १.५ मिमी धरला, तर ३०० मिमी व्यासाच्या थराला १५०, ४०० मिमीच्या थराला ११२ आणि ५०० मिमीच्या थराला ९०. थरांचा एकत्र परिणाम काढताना या आकड्यांच्या गुणाकाराला दर दोन थरांमधल्या अंतराचा एक घटक लावायचा: १ वजा (आतला व्यास ÷ बाहेरचा व्यास)चा वर्ग. इथे तो ०.४४ आणि ०.३६ आहे. एकूण गुणांक सुमारे २,४०,००० निघतो. बाहेर ४३ मायक्रोटेस्ला असतील, तर आत ०.२ नॅनोटेस्लाच्या आसपास पोचायला हवेत. झाकणं, भोकं आणि सांधे यांमुळे प्रत्यक्ष गुणांक कमी पडतो, पण शंभरपट कमी पडत नाही.

म्हणजे त्या २० नॅनोटेस्लांतला मोठा हिस्सा बाहेरून आलेलाच नाही. तो धातूत चुंबकत्व होऊन बसला आहे, किंवा आत ठेवलेल्या एखाद्या स्क्रूने आणला आहे, किंवा फ्लक्सगेटचा शून्यच सरकलेला आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि ते ठरावीक क्रमानेच लागू पडतात. क्रम चुकला की एक चूक दुसरीला झाकते आणि आठवडे वाया जातात.

खालचे आकडे वर दिलेल्या तीन थरांच्या नळकांड्यासाठी आहेत. इलेक्ट्रिक डायपोल मोमेंटचे (न्यूट्रॉनसारख्या कणातला धन-ऋण प्रभार किंचित सरकलेला आहे का ते पाहणारे) प्रयोग, अणूंच्या स्पिनवरचे प्रयोग, ऑप्टिकल मॅग्नेटोमीटर या सगळ्यांना हा क्रम चालतो. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधल्या न्यूट्रॉनच्या प्रयोगासाठी बांधलेल्या म्यू-मेटलच्या खोलीत मधल्या एक घनमीटरमध्ये १०० पिकोटेस्लांहून कमी क्षेत्र मिळालं आहे. टेबलावरच्या शील्डमध्ये एक नॅनोटेस्ला हे त्यामानाने माफक उद्दिष्ट आहे.

टप्पा १: जागा आणि दिशा

महाराष्ट्रात पृथ्वीचं क्षेत्र ४२–४३ मायक्रोटेस्ला आहे आणि त्याचा मोठा भाग आडवा, उत्तर-दक्षिण आहे. क्षितिजाशी त्याचा कोन साधारण २६ अंश. युरोपात हेच क्षेत्र बरंचसं उभं असतं, त्यामुळे तिथल्या शोधनिबंधातली मांडणी जशीच्या तशी उचलू नका.

नळकांडं आडव्या दिशेत चांगलं अडवतं, अक्षाच्या दिशेत बरंच कमी. म्हणून अक्ष पूर्व-पश्चिम ठेवा. तेवढ्याने अक्षाच्या दिशेतलं पृथ्वीचं क्षेत्र जवळपास शून्यावर येतं, आणि तेही फुकट. होकायंत्राने दिशा पाहताना ते टेबलाच्या लोखंडी पायांपासून निदान दोन मीटर दूर धरा.

जागा निवडताना लिफ्टचा खड्डा, पार्किंग, ट्रान्सफॉर्मर आणि पंपाची खोली यांपासून लांब जा. लिफ्टचं काउंटरवेट म्हणजे सरकणारं लोखंड. ते ५० हर्ट्झचं नसतं, मिनिटामिनिटाला बदलतं, त्यामुळे फिल्टरने काढता येत नाही. विजेवरच्या वाहतुकीचा त्रासही जुनाच आहे: ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली गेली.

*तपासणी:* काहीही बांधण्याआधी रिकाम्या जागी फ्लक्सगेट २४ तास चालू ठेवा, सेकंदाला एक नोंद. पृथ्वीच्या क्षेत्राचा रोजचा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा असतो, तो दिसणारच. त्याहून मोठ्या उड्या दिसल्या, तर त्यांच्या वेळा लिफ्ट आणि पंपाच्या वेळांशी ताडून पाहा.

टप्पा २: आत जाणारी प्रत्येक वस्तू तपासा

हा टप्पा सर्रास गाळला जातो आणि सर्वांत जास्त वेळ हाच खातो.

चुंबकी ठिपक्याचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. चुंबकी आघूर्ण (चुंबक म्हणून त्याची ताकद) एक दशलक्षांश अँपिअर-चौरस मीटर एवढंच असलेला एखादा लहानसा स्क्रू ५ सेंमीवर १.६ नॅनोटेस्ला देतो. १० सेंमीवर तोच ०.२ देतो. आतल्या वस्तूंपैकी एकही चुंबकी निघाली तर शील्ड कितीही उत्तम असली तरी उपयोग नाही.

नेहमी सापडणारे दोषी:

- बीएनसी आणि डी-सब कनेक्टर. सोन्याचा मुलामा दिसतो, पण त्याखाली बहुधा निकेलचा थर असतो.
- ३०४ स्टेनलेसचे स्क्रू. मूळ धातू ठीक असला तरी आटे पाडताना आणि वेल्डिंगनंतर चुंबकी होतो. ३१६-एल बरं, टायटॅनियम त्याहून बरं.
- पितळ. ते नक्की चालेल असं सगळे धरून चालतात, पण स्वस्त पितळात लोखंड मिसळलेलं असतं.
- सरफेस-माउंट कपॅसिटर आणि रेझिस्टर. त्यांच्या टोकांवर निकेल असतं.
- काही काळे प्लास्टिक आणि रंग, ज्यांत लोहाचं ऑक्साइड असतं.
- बॅटरी. कोणतीही.

पद्धत अशी: सर्वांत आतलं नळकांडं एकटं घ्या, मध्यावर फ्लक्सगेट घट्ट बसवा. वस्तू प्लास्टिकच्या काठीला बांधून सेन्सरपासून ठरलेल्या अंतरावर, समजा ३ सेंमीवर, आणा आणि गोल फिरवा. पूर्ण फेरीत आकडा किती हलतो तेच पाहायचं. मूळ क्षेत्र किती आहे याच्याशी इथे देणंघेणं नाही, त्यामुळे शील्ड डिगॉस झालेली नसली, म्हणजे धातूत बसलेलं चुंबकत्व काढलेलं नसलं, तरी ही तपासणी होते. ३ सेंमीवर ०.५ नॅनोटेस्लांपेक्षा जास्त हललं, तर वस्तू बाद.

एकाच बॅचमधला एक नमुना मुद्दाम कायम चुंबकाला घासून पुन्हा तपासा. पहिल्यांदा स्वच्छ निघालेला आणि घासल्यावर १० नॅनोटेस्ला दाखवणारा स्क्रू पुढे कधीतरी दगा देणारच. ज्या नमुन्यावर हे केलं तो परत प्रयोगात वापरू नका.

*सावधान:* कानशीने घासलेल्या लोखंडाचा कीस कपड्यांवरून, बोटांवरून आत जातो. वर्कशॉपमधून आलेला प्रत्येक भाग आधी चिकटपट्टीने टिपा, मग अल्कोहोलने पुसा.

टप्पा ३: पत्रा हाताळणं आणि जोडणी

म्यू-मेटलमध्ये सुमारे ८० टक्के निकेल असतं, उरलेलं मुख्यतः लोखंड आणि थोडं मॉलिब्डेनम किंवा तांबं. त्याचा सगळा गुण हायड्रोजनमध्ये हजार अंश सेल्सिअसच्या वर भाजल्यानंतर येतो. भाजल्यावर त्याला भोक पाडलं, वाकवलं, ठोकलं किंवा तो पडला की त्या जागची पारगम्यता घसरते, आणि पुन्हा भाजल्याशिवाय परत येत नाही. भोकं आधी ठरवा. नंतर आठवलेलं भोक पाडायचं नाही.

दोघांनी उचला. टेबलावर फोम अंथरा. हत्यारं बेरिलियम-तांब्याची किंवा टायटॅनियमची वापरा. साधा स्क्रूड्रायव्हर बहुधा स्वतःच चुंबक झालेला असतो.

झाकणाची कड नळकांड्यावर निदान ३० मिमी चढली पाहिजे आणि मधे फट राहता कामा नये. बसत नसेल तर काढून पुन्हा सरळ बसवा. हातोडी लावली की धातू गेला.

भोकांना बाहेरच्या बाजूने त्याच धातूची गळपट्टी लावून घ्या. अशा नळीत अक्षाच्या दिशेतलं क्षेत्र खोलीबरोबर झपाट्याने घटतं: त्रिज्येच्या दुप्पट लांबीला जवळपास १२० पट. ५० मिमीच्या भोकाला ५० मिमी लांब गळपट्टी पुरते.

टप्पा ४: बाहेरच्या कॉइल

शील्डभोवती तीन दिशांना चौकोनी कॉइलच्या जोड्या लावा. दोन चौकोनांमधलं अंतर बाजूच्या ०.५४४५ पट ठेवलं की मध्यावर क्षेत्र सर्वांत सपाट मिळतं. शील्डच्या जागी १ मायक्रोटेस्लापर्यंत आणलं तरी पुरे. शील्ड आत आल्यावर ती क्षेत्ररेषा ओढून घेते, म्हणून करंट शील्ड ठेवण्याआधीच जमवून ठेवा.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. या कॉइलचे करंट अंतिम आकड्यावर आणून मगच डिगॉस करायचं. डिगॉसिंगमुळे धातू त्या क्षणीच्या बाहेरच्या क्षेत्राशी जुळवून घेतो. नंतर करंट बदलला तर धातू बदललेल्या क्षेत्राला जुन्याच चुंबकत्वानिशी तोंड देतो आणि तुमचं डिगॉसिंग वाया जातं.

टप्पा ५: डिगॉसिंगची वायरिंग

प्रत्येक थराला स्वतंत्र वेढे. तार एका झाकणाच्या मधल्या भोकातून आत, अक्षाला समांतर, दुसऱ्या झाकणातून बाहेर आणि त्याच थराच्या बाहेरून परत. अशा वेढ्यांमुळे चुंबकी प्रवाह पत्र्यातून गोल फिरून स्वतःशीच मिळतो, मधल्या पोकळीत फारसा सांडत नाही. २० वेढे घ्या, पाच-पाचचे चार जुडगे करून परतीच्या तारा ९० अंशांवर वाटा. सगळ्या एकाच बाजूने नेल्या तर चुंबकी प्रवाहाचं वाटप एकसारखं राहत नाही.

किती करंट? धातू पूर्ण संपृक्त व्हायला (म्हणजे आणखी चुंबकित होऊ शकणार नाही इतका व्हायला) शिखराला १०० अँपिअर प्रति मीटर धरा. बाहेरच्या थराचा परीघ १.५७ मीटर, म्हणजे १५७ अँपिअर-वेढे. २० वेढ्यांना ८ अँपिअर. आतल्या थराला ५ अँपिअरच्या आत भागतं. २.५ चौरस मिमीची तांब्याची तार पुरेशी आहे.

वारंवारता ठरवताना पत्र्याची जाडी पाहा. ५० हर्ट्झला म्यू-मेटलमध्ये क्षेत्र जेमतेम ०.३ मिमी खोल शिरतं, म्हणजे १.५ मिमी पत्र्याचा गाभा कोराच राहतो. १० हर्ट्झला ही खोली ०.७ मिमी होते. दोन्ही पृष्ठभागांकडून शिरतं, त्यामुळे अर्धी जाडी, ०.७५ मिमी, जेमतेम गाठली जाते. म्हणून १० हर्ट्झ ही वरची मर्यादा धरा, ५ हर्ट्झ चांगलं. घरगुती व्हेरिअॅकवर (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) ५० हर्ट्झने केलेलं डिगॉसिंग वरवर ठीक दिसतं आणि तासाभरात क्षेत्र सरकू लागतं, त्याचं एक कारण हे आहे.

आता साखळी: संगणकाचा १६ बिटचा सिग्नल, पॉवर अँप्लिफायर, ट्रान्सफॉर्मर, वेढे. ट्रान्सफॉर्मर कशासाठी? अँप्लिफायरच्या बाहेर ५ मिलिअँपिअर स्थिर करंट गळत असेल, तर बाहेरच्या थरावर ०.०६ अँपिअर प्रति मीटर कायमचं बसून राहतं. आपल्याला त्याच्या कितीतरी खाली जायचं आहे. ट्रान्सफॉर्मर स्थिर करंट अडवतो.

*सावधान:* ५० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर १० हर्ट्झला पाचपट कमी व्होल्टेजवर संपृक्त होतो. २३० व्होल्टच्या वेढ्यांवर ४६ व्होल्टच्या वर जाऊ नका, ५ हर्ट्झला २३ च्या वर. आणि ध्वनीसाठीचे बरेच अँप्लिफायर २० हर्ट्झखाली सिग्नल कापतात, तेव्हा आधी नुसत्या रेझिस्टरवर चालवून लाट ऑसिलोस्कोपवर पाहा.

*तपासणी:* थराभोवती पाच वेढ्यांची एक वेगळी बारीक तार ठेवा. करंट साइन लाटेसारखा असताना तिच्यावरचं व्होल्टेज टोकदार, सुटे सुटे सुळके दाखवू लागलं, की धातू संपृक्त होतोय. सुळके दिसत नसतील तर करंट कमी पडतोय. पुढे जाऊ नका.

टप्पा ६: प्रत्यक्ष डिगॉसिंग

1. फ्लक्सगेट बाहेर काढा. आतल्या कॉइलचा (टप्पा ९) करंट शून्य करा, बाहेरच्या कॉइल चालू ठेवा.
2. दोन सेकंदांत शून्यापासून शिखरापर्यंत चढा. अचानक चालू करू नका.
3. शिखरावर २० ते ५० आवर्तनं थांबा.
4. तिथून १,००० आवर्तनांत खाली या. १० हर्ट्झला १०० सेकंद लागतात, ५ हर्ट्झला २००.
5. करंट शून्यातून जात असताना थांबवा, मग रिलेने वेढे अँप्लिफायरपासून तोडा.

खाली येण्याची चाल कशी असावी? सरळ रेषेत उतरलात तर दर आवर्तनाला ०.१ अँपिअर प्रति मीटर घट होते. म्यू-मेटलचा सगळा नाजूक व्यवहार १ अँपिअर प्रति मीटरच्या आतबाहेर होतो, आणि त्या पट्ट्यात तुम्हाला फक्त दहा आवर्तनं मिळतात. त्याऐवजी दर आवर्तनाला ०.९२ टक्के घट ठेवा: १,००० आवर्तनांत १०० वरून ०.०१ वर येता, आणि त्यांतली निम्मी, म्हणजे ५००, आवर्तनं १ अँपिअर प्रति मीटरच्या खाली खर्च होतात. वेळ तेवढाच लागतो.

क्रम: बाहेरचा थर, मग मधला, मग आतला. बाहेरच्याला डिगॉस करताना जे थोडं सांडतं ते आतल्यावर बसतं, म्हणून आतला नेहमी शेवटी. उलट क्रमाने केलेलं काम कितीही काळजीपूर्वक केलं तरी आतला थर पुन्हा खराब होतो. ही चूक सर्वांत जास्त आढळते.

*तपासणी:* रिले तुटण्याआधीच्या शेवटच्या दहा आवर्तनांचा करंट साठवून पाहा. लाटेचा मध्य शून्यावर असायला हवा आणि पायऱ्या दिसता कामा नयेत. पायऱ्या दिसल्या तर संगणकाचा सिग्नल फार लहान पडतोय: शिखरासाठी १६ बिटची पूर्ण कक्षा वापरा.

मग थांबा. तारा आणि पत्रा किंचित तापलेले असतात आणि धातूतलं चुंबकत्व हळूहळू बसत असतं. तासभर काहीही मोजू नका. पिकोटेस्लांची स्थिरता हवी असेल तर रात्रभर.

टप्पा ७: उरलेलं क्षेत्र मोजणं

चांगल्या फ्लक्सगेटचाही शून्य काही नॅनोटेस्ला सरकलेला असतो आणि तापमानाबरोबर सरकत राहतो. एका नॅनोटेस्लाचा दावा करायचा असेल, तर सेन्सर उलटवून मोजण्यावाचून पर्याय नाही.

सेन्सर प्लास्टिकच्या नळीत बसवा आणि ती मधल्या भोकातून सरकवा, म्हणजे झाकण उघडावं लागत नाही. समजा सरळ स्थितीत आकडा ५.८ आला. अक्षाभोवती १८० अंश फिरवल्यावर त्याच आडव्या दिशेचा आकडा ४.६ आला. दोन्हींच्या बेरजेचा निम्मा ५.२: हा सेन्सरचा शून्य. वजाबाकीचा निम्मा ०.६: हे खरं क्षेत्र. जो फक्त पहिला आकडा वाचेल तो चांगल्या शील्डला नापास करेल.

अक्षाभोवती फिरवून दोन आडव्या दिशा निघतात. अक्षाच्या दिशेसाठी सेन्सर उलट्या तोंडाने पुन्हा आत घालावा लागतो. ही कटकट टाळू नका, कारण याच दिशेत शील्ड सर्वांत कमकुवत आहे.

टप्पा ८: आकडा तरीही मोठा असेल तर

बाहेरच्या एका कॉइलने १० मायक्रोटेस्ला बदल करा आणि आतला फरक पाहा. ०.१ नॅनोटेस्ला हललं तर गुणांक १,००,००० आहे, शील्ड ठणठणीत आहे, दोष शोधायचा तो आत. १० नॅनोटेस्ला हललं तर गुणांक फक्त १,००० आहे. मग झाकणाची फट, भोक किंवा मार लागलेला पत्रा शोधा.

शील्ड ठीक निघाली तर आतल्या वस्तू बाहेर काढून पुन्हा मोजा. आकडा पडला तर टप्पा २ मध्ये काहीतरी सुटलं आहे. वस्तू अर्ध्या-अर्ध्या परत घालत गेलात की दोषी लवकर सापडतो. आकडा तेवढाच राहिला तर पुन्हा डिगॉस करा. नवा आकडा वेगळ्याच दिशेला गेला, तर डिगॉसिंगच अपुरं आहे: करंट, वारंवारता किंवा स्थिर करंटाची गळती तपासा. दोन्ही वेळा तोच आकडा, तीच दिशा आली, तर एखाद्या सांध्यापाशी प्रवाह तुटतोय. सेन्सर भिंतीजवळून फिरवा, जिथे आकडा झपाट्याने चढतो तो सांधा उघडून पुन्हा बसवा. चाचणी झाल्यावर बाहेरचा करंट मूळ आकड्यावर आणा आणि पुन्हा डिगॉस करा.

टप्पा ९: आतली कॉइल चालू करणं

आता प्रयोगाला लागणारं क्षेत्र, समजा १ मायक्रोटेस्ला. शील्डच्या आत ठेवलेल्या कोसाइन वाटपाच्या (तारांची दाटी कोसाइनच्या प्रमाणात ठेवलेल्या) कॉइलचं क्षेत्र शील्डमुळे वाढतं: १ अधिक (कॉइलची त्रिज्या ÷ शील्डची त्रिज्या)च्या वर्गाच्या पटीत. १२० मिमी त्रिज्येची कॉइल १५० मिमी त्रिज्येच्या शील्डमध्ये १.६४ पट देते. हे धरूनच करंट काढा.

करंट हळू चढवा आणि अंतिम आकड्याच्या पुढे एकदाही जाऊ देऊ नका. क्षणभर जास्त गेला तरी आतला थर तेवढा चुंबकित होतो आणि करंट खाली आणल्यावर पूर्ण परत येत नाही. पुरवठ्याची लाखाला एक भाग स्थिरता म्हणजे १ मायक्रोटेस्लात १० पिकोटेस्ला. न्यूट्रॉनच्या स्पिनची वारंवारता १ मायक्रोटेस्लाला २९ हर्ट्झ असते, म्हणजे तेवढ्याने ती ०.२९ मिलिहर्ट्झ सरकते. कॉइलकडे जाणाऱ्या दोन्ही तारा शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत पिळलेल्या ठेवा, आणि पुरवठ्याचं अर्थिंग एकाच जागी करा.

डायपोल मोमेंटच्या प्रयोगात उच्च व्होल्टेजही असतं. २०२० साली न्यूट्रॉनच्या डायपोल मोमेंटसाठी जाहीर झालेली वरची मर्यादा १.८ × १०⁻²⁶ ई-सेंमी (इलेक्ट्रॉनचा प्रभार × सेंमी) आहे. ११ किलोव्होल्ट प्रति सेंमीला तेवढ्या आघूर्णाचा परिणाम म्हणजे विद्युतक्षेत्र उलटवल्यावर जवळपास ७ फेम्टोटेस्लांचा फरक. त्यामुळे व्होल्टेजच्या दिशेबरोबर बदलणारा गळतीचा करंट स्वतंत्र नोंदवत राहा. आत एक ठिणगी पडली, तरी त्या दिवसाची मोजणी थांबवून टप्पा ६ पुन्हा करा.

झाकण उघडलं, कॉइलचा करंट उलटवला, बाहेरच्या कॉइलचा आकडा बदलला, वीज गेली: या चारही वेळा डिगॉसिंग तिन्ही थरांचं, बाहेरून आत. नोंदवहीत प्रत्येक डिगॉसिंगची वेळ, शिखर करंट, वेढ्यांचा रेझिस्टन्स आणि तासाभरानंतरचे तिन्ही दिशांचे उलटवून घेतलेले आकडे लिहा. वेढ्यांचा रेझिस्टन्स वाढत चालला असेल तर झाकणापाशी असलेला कनेक्टर सैल होतोय, आणि पुढच्या वेळी ८ अँपिअर पोचणार नाहीत.